मराठा तलवारीच्या मुठीतील स्थित्यंतरे : फिरंगाच्या संदर्भात एक विचार

मराठ्यांच्या शस्त्रांचा अभ्यास करताना पात्याकडे जितके लक्ष दिले जाते तितके मुठीकडे दिले जात नाही. वस्तुतः पाते दूरदेशीचे असू शकते; मूठ मात्र ती धरणाऱ्या हाताची व लढण्याच्या पद्धतीची साक्ष देते. प्रस्तुत लेखात खांडा, पट्टा व फिरंग यांच्या आधारे या साक्षीचा विचार केला आहे.

जुन्या खांड्याची मूठ साधी होती. पुढे तिला बोटांचे रक्षण करणारी रुंद परज जोडली गेली आणि कटोरीच्या मागे गज निघाला. हा गज शोभेचा नव्हे. त्यावर दुसरा हात ठेवून दोन्ही हातांनी वार करता येई. परज युरोपीय तलवारींवरून आली की येथेच विकसित झाली, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. केवळ साम्यावरून उसनवारी ठरविणे प्रस्तुत लेखकास घाईचे वाटते. पट्ट्याचेच उदाहरण घ्यावे. त्याची मूठ कट्यारीच्या आडव्या पकडीशी नाते सांगते व हाताचा पुढील भाग लोखंडी खोळीत झाकते. मनगट जखडल्यामुळे वार खांद्यातून करावा लागतो. या मुठीला युरोपीय पूर्वज दाखविता येत नाही. हात झाकण्याची स्वतंत्र दृष्टी दख्खनच्या कारागिरांपाशी होती, हे त्यावरून स्पष्ट होते.

फिरंगाचा प्रश्न वसईच्या अभ्यासकांना जवळचा आहे. वसई १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होती. त्यांच्या व्यापारामुळे लांब, सरळ युरोपीय पाती पश्चिम किनाऱ्यावर येत. पुढे तशी पाती येथेही घडू लागली. नाव 'फिरंग' पडले, परंतु त्यावर मूठ बसविली गेली ती बहुधा खांड्याच्या धर्तीची. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३९ मध्ये वसई पडली, त्याच्या कितीतरी आधी परके पाते मराठी मुठीत रुळले होते. म्हणूनच संग्रहालयाच्या नोंदवहीत अशा शस्त्रापुढे केवळ 'युरोपीय' किंवा केवळ 'मराठा' असा एकच शब्द लिहिणे अपुरे ठरते. पाते व मूठ यांचा काळही वेगळा असू शकतो, कारण जुन्या पात्यावर नवी मूठ चढविणे ही सर्रास चालणारी गोष्ट होती.

नागपूरकर रघुजी भोसले यांची तलवार महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून मिळविली. तिच्या परत येण्याची चर्चा पुष्कळ झाली, घडणीची त्या मानाने थोडी. तिचे एकधारी पाते युरोपीय बनावटीचे, मूठ सोन्याच्या नक्षीची, मुल्हेरी घाटाची. आणि पात्याच्या पाठीवर देवनागरीत रघुजींचे नाव, 'सेनासाहिब सुभा' हा किताब व शेवटी 'फिरंग' हा शब्द कोरलेला आहे.