कोयनेचे वळवलेले पाणी

आमच्या जुन्या शहरात असदगडाजवळून वाहणारी मोर्णा पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, आणि ते पाणी अरबी समुद्रात जाते. हा निसर्गाचा उतार. कोयनेचा उतार उलट आहे. महाबळेश्वरला उगवून ती कराडला कृष्णेला मिळते. तिचे पाणी खरे तर बंगालच्या उपसागराचे. माणसाने ते पश्चिमेला वळवले.

भारनियमनाच्या वर्षांत आमच्या ओट्यांवर एकच बोलणे चाले : कोळसा विदर्भाचा, राख आमची, उजेड मुंबई-पुण्याचा. मीही ते हिरिरीने बोलत असे. कोयनेची माहिती जमवू लागलो तो या तक्रारीला पुरावा मिळावा म्हणून. हाती लागले ते वेगळेच.

धरणाची आखणी झाली तेव्हा अकोला मुंबई राज्यात नव्हतेच. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो. १९६२ मध्ये पोफळीला वीजनिर्मिती सुरू झाली, तोवर महाराष्ट्र झाला होता. शिवाजीसागराचे पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्याने नेऊन सुमारे पावणेपाचशे मीटर खाली भूमिगत वीजगृहात सोडायचे, पुढे कोळकेवाडीला अडवून पुन्हा जनित्रांवर घ्यायचे, मग वाशिष्ठीत सोडायचे, अशी ही योजना. १३ मार्च १९९९ ला जलाशयाच्या तळाशी स्फोट करून चौथ्या टप्प्यासाठी पाणी घेतले. आज एकूण क्षमता १९६० मेगावॉट आहे.

पारसचा थंड बॉयलर पेटवून भार घ्यायला तासन्‌तास लागतात. पाण्याचे जनित्र काही मिनिटांत भार घेते. म्हणून कोयना मुख्यतः दिवेलागणीला, मागणी चढते तेव्हा चालवतात. पाणीही मोजून वापरायचे : बच्छावत लवादाने पश्चिमेकडे वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. वीजवाहिन्यांचे जाळे एकच, त्यामुळे अकोल्यातल्या दिव्यात कोळसा किती आणि कोयना किती, हे वेगळे काढता येत नाही.

या विजेसाठी कोयनेच्या खोऱ्यातली गावे बुडाली. माणसे सोलापूर, सांगली, ठाणे, रायगडपर्यंत पांगली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला. कोयनानगर कोसळले, पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली. धरणाला तडे गेले, पण ते टिकले.

पारसच्या राखेबद्दलची आमची तक्रार मी सोडलेली नाही. फक्त त्या वाक्यातला ‘उजेड त्यांचा’ हा भाग आता मला म्हणवत नाही. कोयनेचे धरणग्रस्त २०१८ मध्येही जमिनीसाठी कोयनानगरला ठिय्या देऊन बसले होते.