आडातल्या दोरापासून जलदूतापर्यंत



स्मरणिकेत लातूरच्या इतिहासावर लेख हवा, असे संपादक मंडळाने सांगितले. गंजगोलाई, तिला येऊन मिळणारे 16 रस्ते, निजामाच्या काळातली बाजारपेठ यांवर पुष्कळ लिहून झाले आहे. मी आपल्या पायाखालच्या पाण्याबद्दल लिहितो. त्याचाही इतिहास आहे, पण त्याला शिलालेख नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या वाड्यात नाहीतर शेजारी आड होता. उन्हाळा वाढला की पोहऱ्याला दोर जास्त सोडावा लागे. पाणी किती खाली गेले हे सांगायला अधिकारी लागत नव्हता. आजीच्या हाताला ते कळत होते. शिवाय एकाचा आड आटला की सगळी आळी दुसऱ्याच्या आडावर जायची, त्यामुळे पाण्याची पातळी ही सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट होती. मला हे फार महत्त्वाचे वाटते.

आपली जमीन काळ्या बेसाल्ट खडकाची, हे भूगोलाच्या तासाला घोकलेले आठवत असेल. हा खडक वाळूसारखा पाणी पीत नाही. वरचा मुरमाड, झिजलेला थर आणि खालच्या भेगा, एवढ्यातच पाणी साठते. म्हणजे पावसाने दरवर्षी भरणारा साठा उथळ असतो. खोल भेगांतही पाणी सापडते. पण ते फार सावकाश जमलेले असते आणि उपसले की लवकर परत येत नाही.

1972 च्या दुष्काळाने चित्र पालटले. त्याच सुमारास राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा उभी राहिली आणि गावोगावी विंधन विहिरी घेऊन त्यांवर हापसे बसले. (पुढे देशभर गेलेल्या 'इंडिया मार्क-2' हापशाची मुळे जालना आणि सोलापूरच्या पंपांत आहेत, हे आपल्या भागातल्या किती जणांना माहीत आहे?) हापशाने लाखो लोकांना पाणी दिले, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण हापशाला दम लागतो. माणूस थकला की उपसा थांबतो. पाण्यात बुडणारी विजेची मोटर आली आणि ती मर्यादा गेली. 1982 मध्ये लातूर जिल्हा झाला, वस्त्या वाढल्या, 'लातूर पॅटर्न'मुळे बाहेरगावची मुले आली, वसतिगृहे उभी राहिली. घराच्या पायाभरणीआधी बोअर घेण्याची रीत पडली. शिवारात ऊस वाढला. 200 फुटांवर लागणारे पाणी पुढे 500, 700 फुटांवर गेले, काही ठिकाणी त्याहून खाली.

बोअरच्या तोंडावर झाकण असते. आत पाणी कुठे आहे हे मालकालाही दिसत नाही. मोटरीने हवा ओढली की मगच कळते. मग तो शेजारच्यापेक्षा 100 फूट खोल जातो, आणि शेजारी त्याच्यापेक्षा.

कायदा नव्हता असे नाही. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर नको, हे 1993 च्या कायद्यातच आले होते. 2009 च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने 60 मीटर, म्हणजे साधारण 200 फूट खोलीच्या विहिरींना 'खोल विहीर' म्हटले आणि त्यांवर निर्बंध आणले. आपल्या गल्लीतल्या बोअरची खोली आठवा आणि कायद्याशी ताडून पाहा. अंमलबजावणीबद्दल वेगळे लिहायला नको.

2014 आणि 2015 सलग कोरडे गेले. धनेगावचे मांजरा धरण आटले, नळ बंद झाले. मार्च 2016 मध्ये पाणवठ्यांभोवती कलम 144 लावावे लागले. 12 एप्रिलला मिरजेहून 'जलदूत' गाडी सुमारे 340 किलोमीटर धावून आली: 10 वाघिणी, 5 लाख लिटर. नंतर 50 वाघिणी, 25 लाख लिटर येऊ लागले. कृष्णेचे पाणी स्टेशनजवळच्या विहिरीत उतरवून पुढे नेले जाई. पाणी देणारी विहीर पाणी ठेवायची टाकी झाली! 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 3 लाख 80 हजारांवर होती. भागाकार करा: माणशी रोज साडेसहा लिटर. बाकीचे टँकरचे आणि उरल्यासुरल्या बोअरचे.

त्याच उन्हाळ्यात लोकवर्गणीतून मांजरेचे पात्र खोल केले गेले, आणि पावसाळा सरता सरता धरणही भरले. नदीच्या कामाचे कौतुक झाले, ते योग्यच होते. गल्लीतल्या पाण्याचा हिशोब मात्र तसाच राहिला.

तो हिशोब गणिताच्या सरांनी फळ्यावर घातला असता तर असा असता. 1000 चौरस फुटांचे छत म्हणजे 93 चौरस मीटर. आपला सरासरी पाऊस सुमारे 800 मिलिमीटर. गुणाकार साधारण 74 हजार लिटर. गळती, बाष्पीभवन वजा जाता 55 हजार धरा. जलदूतच्या एका वाघिणीत 50 हजार लिटर यायचे. दुष्काळी सालात छतावरचे पाणी निम्मे होईल, म्हणजे अर्धी वाघीण. पन्नाल्यातून उतरवून, जाळीतून गाळून, जुन्या आडात किंवा बोअरभोवतीच्या शोषखड्ड्यात सोडायला एक पाइप, थोडी खडी आणि वाळू पुरते. स्नेहमेळाव्याला येताना प्रत्येकाने आपल्या बोअरची खोली आणि मे महिन्यातली पाण्याची पातळी कागदावर लिहून आणावी. पातळी मोजायला दोराला बांधलेले वजन चालते.