खो देणारा हात: हायस्कूलच्या मुलींचा संघ हा चळवळीचा प्रश्न का आहे?

खो-खोमध्ये नुसते ‘खो’ म्हणून भागत नाही. बसलेल्या खेळाडूच्या पाठीला हात लागला पाहिजे आणि त्याच वेळी तोंडातून शब्द निघाला पाहिजे. एक चुकले की फाऊल. आठ जणी मध्यपाटीवर आळीपाळीने उलट-सुलट तोंडे करून बसतात, नववी पाठलाग करते. तिला मागे फिरता येत नाही, मध्यपाटी ओलांडता येत नाही. समोरची चपळ मुलगी पाटीच्या पलीकडे निसटली की तिला गाठायचा एकच उपाय उरतो, पलीकडे तोंड करून बसलेल्या जोडीदारणीला खो देणे. एकटीने डाव जिंकायची सोयच या खेळात नाही.

कोणी कोणाला शिवायचे नाही याचे नियम ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पाळले, त्याच समाजातल्या पोरांच्या या खेळात शिवल्याशिवाय डाव पुढे सरकत नाही. म्हणूनच हायस्कूलच्या मुलींच्या संघाकडे आम्ही फक्त ढाली आणि प्रमाणपत्रांच्या हिशेबाने बघत नाही.

आमच्या नेवासा तालुक्यात तर हा प्रश्न जास्तच टोकदार आहे. १२९० साली प्रवरेकाठी ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती नेवाशात. तो ‘पैस’चा खांब बघायला आजही लोक येतात. शनिशिंगणापूर याच तालुक्यात आहे, आणि तिथल्या चौथऱ्यावर बाईला पाऊल ठेवायला ८ एप्रिल २०१६ उजाडावा लागला. सोनईही याच तालुक्यात आहे. १ जानेवारी २०१३ रोजी तिथे जातीबाहेरच्या प्रेमसंबंधाच्या रागातून मेहतर समाजातल्या तीन तरुणांची हत्या झाली. सातशे वर्षे समतेची ओवी ऐकलेल्या मातीत हे घडले. संतांचा झगडा माणूस आणि देव यांच्या नात्यासाठी होता, माणसामाणसांतल्या नात्यासाठी नव्हता, असे बाबासाहेबांनी गांधीजींना उत्तर देताना सांगितले होते. त्याचा अर्थ आम्हाला सोनईने कळला.

मग माणसामाणसांतले नाते जुळते कशाने? १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये बाबासाहेबांनी याची मांडणी केली आहे. सारख्या चालीरीती असल्या किंवा शेजारी राहिले म्हणून समाज तयार होत नाही. एकाच कामात सगळे भागीदार असावे लागतात, त्या कामाचे यश प्रत्येकाला स्वतःचे वाटावे लागते आणि अपयशही. जातीने हिंदूंना असे सामायिक काम करूच दिले नाही, हा त्यांचा आरोप आहे. आता ही कसोटी खो-खोच्या संघाला लावून बघा. एकीने खो मिळण्याआधी उठण्याची घाई केली तर फटका नऊ जणींना बसतो. एकीने गडी बाद केला तर गुण सगळ्यांचा होतो. बाबासाहेबांना अपेक्षित असलेली भागीदारी निदान डावाची नऊ मिनिटे तरी इथे दिसते.

पण नऊ मिनिटांवर आम्ही समाधान मानणार नाही, कारण पळवणकर बाळूंचा इतिहास आमच्यासमोर आहे. चर्मकार समाजातला हा फिरकी गोलंदाज पुण्याच्या हिंदू संघाला हवा होता, पण त्याचा चहा क्लबच्या इमारतीबाहेर मातीच्या भांड्यातून दिला जाई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. धाकटे भाऊ विठ्ठल यांना ते मिळायला १९२३ साल उजाडले. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता! मैदान जातीला थोडा वेळ बाहेर उभे करते. खेळ संपला की ती आपली जागा घ्यायला परत येते.

ती परत येऊ नये म्हणून काय करावे लागते, हे कर्मवीर भाऊराव पाटलांनी दाखवले. १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी वसतिगृह काढले. तिथे सगळ्या जातींची पोरे एकत्र राहत, एकत्र रांधत आणि एका पंगतीत जेवत. संघभावना टिकते ती अशा सामायिक चुलीवर.

मुलींची वाट याहून खडतर होती. मुलांना तालीम होती. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत जोतिरावांनी दांडपट्टा फिरवला. मुलींना असा आखाडा नव्हता. त्यांना घराबाहेर काढले ते शाळेने. सावित्रीमाईंनी शिक्षिकेचे धडे घेतले ते आमच्याच जिल्ह्यात, अहमदनगरला मिस फरार यांच्या संस्थेत. फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मुक्ता साळवे १८५५ मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिती झाली. तिचा निबंध छापणारे ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये अहमदनगरलाच सुरू झाले होते. पुढे २० जुलै १९४२ रोजी नागपुरात दलित महिलांची परिषद भरली. समाजाची प्रगती आपण त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे बाबासाहेबांनी तिथे सांगितले. त्याच परिषदेने मुलींसाठी वसतिगृहांची मागणी केली. मुलीने घराबाहेर राहावे, शिकावे आणि चार जणींबरोबर वाढावे, हा आग्रह आमच्या आज्यांनी तेव्हाच धरला होता.

खेळाच्या संघटनांत मुलींना जागा मिळाली ती यानंतर. खो-खोची पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्याला झाली. महिलांची त्यानंतरच्या वर्षी कोल्हापूरला झाली. आज चित्र पालटले आहे. हलाखीतून आलेल्या धाराशिवच्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारताने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला आणि त्या तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी झाल्या. १९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीत पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असे हरवले. कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. या खेळाडूंची जात शोधत बसण्यात आम्हाला रस नाही. आम्हाला त्यांचा मार्ग महत्त्वाचा वाटतो. महागडी साधने नाहीत, क्लबची वर्गणी नाही. शाळेचे मैदान, दोन खांब आणि रोजचा सराव.

हाच मार्ग नेवाशात कुठे तुटतो? भेंड्याचा ज्ञानेश्वर आणि सोनईचा मुळा हे दोन साखर कारखाने तालुक्यात आहेत. शालेय स्पर्धा पावसाळ्यात तालुक्यापासून सुरू होतात, मग जिल्हा, विभाग आणि राज्य. संघ वर चढत जातो तोच गळीत हंगाम पेटतो. कोयत्याबरोबर स्थलांतर करणाऱ्या घरातली मुलगी त्या वेळी फडात असते, नाहीतर घरी धाकट्यांना सांभाळत असते. सरावाला खंड पडतो आणि संघातली जागा जाते. चौदा आणि सतरा वर्षांखालील गटांतून पुढे येण्याचे हेच वय, आणि लग्नाची घाई होते तीही याच वयात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली होती. संघातून गळालेली मुलगी बहुधा शाळेतूनही गळते. म्हणून ‘मुलींमध्ये चिकाटी नाही’ असे म्हणणाऱ्यांनी आधी तिच्या घराचे वेळापत्रक बघावे.

चळवळीतल्या तरुणांनो, जयंतीला क्रिकेटचे सामने आपण भरवतोच. आता गावातल्या हायस्कूलच्या मैदानावर सकाळी एक चक्कर टाका. वस्तीवरची मुलगी संघात आहे का, की कायम राखीव? पाण्याचा पिंप आणि डबा सगळ्यांचा एकच आहे ना? स्पर्धेला जायचे भाडे आणि बूट कोण देते? कर्णधार कशावर ठरते? आईबाप ऊसतोडीला गेले तर हंगामभर ती राहील कुठे? शेवटच्या प्रश्नासाठी हंगामी वसतिगृहाची मागणी लावून धरा आणि ती मंजूर होईपर्यंत वस्तीतल्या दोन घरांनी तिची जबाबदारी घ्यावी. नोकऱ्यांतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणाची माहिती नववीतच तिच्या हातात पडली पाहिजे. बारावीनंतर ती कळून फार उशीर झालेला असतो.

शिकताना, संघटित होताना आणि संघर्ष करताना आपल्या मुली मैदानावर दिसल्या पाहिजेत. पाठीवर पडणारा तो हात मैदानाच्या रेषेबाहेरही पडत राहील, एवढी व्यवस्था आपण करायची आहे.

जय भीम!