वही कुणाच्या घरी? लहान व्यापाराच्या संगणकीय हिशेबाचा इतिहास

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बाजारपेठेत वहीपूजन होते. लाल कापडाच्या बांधणीची कोरी वही, पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक, वर 'श्री' आणि समोर लाह्या-बत्तासे. अलीकडे पुष्कळ दुकानांत वहीशेजारी लॅपटॉप मांडतात आणि त्यालाही हळदकुंकू वाहतात. या बदलाचे कौतुक होते, आणि ते योग्यही आहे. पण पूर्वी पूजेच्या वेळी वही खरोखर समोर असे. आज समोरच्या लॅपटॉपमध्ये वही असेलच असे नाही. ती दुकानाच्या माळ्यावरच्या सर्व्हरमध्ये असेल, नाहीतर दूरच्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये, जिथे मालकाने कधी पाऊल टाकलेले नाही.

लहान व्यापाऱ्यांच्या हिशेबपद्धतींचा मागोवा मी काही वर्षे घेतो आहे. या शोधात एक साधा प्रश्न वारंवार समोर येतो: वही एका जागी आणि माणूस दुसऱ्या जागी असेल, तर ती वाचायची आणि लिहायची कशी? संगणकाने त्याला दोन उत्तरे दिली. एक रिमोट डेस्कटॉपचे, दुसरे वेब अ‍ॅप्लिकेशनचे. ही तांत्रिक निवड मानली जाते. माझ्या मते ती वहीच्या ताब्याची निवड आहे, आणि तिचा इतिहास तसाच वाचला पाहिजे.

गादीवरची वही

जुन्या पेढीत हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. दिवसभराचे व्यवहार घडतील त्या क्रमाने कीर्दीत उतरत आणि तिथून ज्याच्या-त्याच्या खात्यावर खतावणीत जात. लिहिणारे दिवाणजी गादीशेजारी बसत. लिपी बहुधा मोडी, हात झरझर चालणारा. परगावी दुकान असेल तर तिथे स्वतंत्र वही असे आणि मुख्य पेढीकडे पत्राने गोषवारा येई. दोन गावांतल्या दोन माणसांनी एकाच वेळी एकाच पानावर लिहिणे शक्यच नव्हते. वही जिथे, तिथे तिचा राखणदार. आणि वहीचा मालक तोच गादीचा मालक.

संगणक दुकानात आला तरी सुरुवातीला ही व्यवस्था मोडली नाही. १९८०च्या दशकात डीबेस आणि पुढे फॉक्सप्रो ही साधने हाती आली. तालुक्याच्या गावातला एखादा होतकरू प्रोग्रॅमर फॉक्सप्रोत दुकानाचा, पतसंस्थेचा किंवा दूध संघाचा हिशेब बसवून देई. १९८६ मध्ये बंगळूरमध्ये श्यामसुंदर गोएंका आणि त्यांचे चिरंजीव भरत गोएंका यांनी जे काम आरंभले, त्यातून टॅली उभे राहिले. या सगळ्यांत वही म्हणजे एका संगणकाच्या डिस्कवरच्या काही फायली. गादीची जागा टेबलाने घेतली, एवढेच.

अडचण आली ती दुकानात दुसरा संगणक आला तेव्हा. दोन्ही तारेने जोडले आणि फाइल सामायिक केली की एका खोलीत काम बरे चाले. पण या रचनेत हिशेब करणारा प्रोग्रॅम कारकुनाच्या संगणकावर चालतो आणि फाइल दुसरीकडे असते. एक खाते शोधायचे तर फाइलीचे तुकडेच्या तुकडे तारेवरून आणावे लागतात. सूची नीट नसेल तर अख्खी फाइल. दिवाणजींनी एका ओळीसाठी सगळी खतावणी हमालाच्या डोक्यावर देऊन मागवावी, तसा हा प्रकार. एका खोलीत हमाल धावतो. गावाबाहेरच्या गोदामातून टेलिफोनच्या तारेवर तो थकून जातो. छप्पन किलोबिटच्या मोडेमवरून पूर्ण वेग मिळाला तरी सेकंदाला सात किलोबाइट येतात. वीस मेगाबाइटची फाइल यायला पाऊण तासाहून अधिक वेळ लागणार. त्यात लिहिता लिहिता लाइन तुटली तर फाइलीची सूची बिघडे, आणि सकाळचा पहिला तास 'रीइंडेक्स' करण्यात जाई.

खिडकी

पहिले उत्तर असे की वही हलवायची नाही, प्रोग्रॅमही हलवायचा नाही. दोन्ही एकाच जागी ठेवायचे आणि दूरच्या माणसाला फक्त खिडकी द्यायची. त्याने दाबलेल्या कळा तिकडे जातील आणि पडद्याचे चित्र इकडे येईल.

ही कल्पना पुष्कळ जुनी आहे. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९६१ साली फर्नांडो कॉर्बाटो यांनी एकच मोठा संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची व्यवस्था दाखवली. त्याच वर्षी, त्याच संस्थेत, जॉन मॅकार्थी यांनी संगणन हे पुढे टेलिफोनसारखी सार्वजनिक सेवा बनू शकेल असे मांडले. त्यानंतर दोन दशके बँकांत आणि विमा कंपन्यांत कारकुनासमोर असे ते टर्मिनल; त्याला स्वतःची बुद्धी अशी नव्हती. पर्सनल कॉम्प्युटर आला आणि बुद्धी टेबलावर आली. ती पुन्हा मध्यभागी नेण्याचे काम एड याकोबुची या आयबीएममधून बाहेर पडलेल्या अभियंत्याने १९८९ मध्ये स्थापन केलेल्या सिट्रिक्स कंपनीने केले. मायक्रोसॉफ्टकडून विंडोज एनटीच्या सोर्स कोडचा परवाना घेऊन तिने १९९५ मध्ये विनफ्रेम आणले. आता एकाच विंडोजवर अनेक माणसे आपापल्या खिडकीतून काम करू शकत होती. मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये सिट्रिक्सशी करार करून हे तंत्र आपल्याकडे घेतले आणि १९९८ मध्ये एनटीची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती काढली. २००१च्या विंडोज एक्सपी प्रोफेशनलमध्ये रिमोट डेस्कटॉप साध्या संगणकावरही आले. तिथे मात्र एक मेख होती. दूरचा माणूस आत आला की समोर बसलेल्याचा पडदा बंद होई. अनेकांना एकदम काम करायचे तर विंडोज सर्व्हर आणि माणशी वेगळा परवाना घेणे आले.

लहान व्यापाऱ्याला हे का पटले, ते समजून घेण्यासारखे आहे. त्याला जुना प्रोग्रॅम बदलावा लागला नाही. मायक्रोसॉफ्टने फॉक्सप्रोची नवी आवृत्ती काढणार नसल्याचे २००७ मध्ये जाहीर केले आणि २०१५ च्या जानेवारीत आधारही थांबवला. तरीही कित्येक दुकानांत तो प्रोग्रॅम रिमोट डेस्कटॉपच्या खिडकीआडून चालतच राहिला. पंधरा वर्षांचे सवलतीचे नियम, उधारीच्या रीती, एकेका गिऱ्हाईकाचा लहरी दर असे बाजाराचे सगळे शहाणपण त्यात साठलेले होते. ते नव्याने लिहून घ्यायचा खर्च दुकानाला झेपणारा नव्हता.

दुसरे कारण विजेचे आणि लाइनचे. रिमोट डेस्कटॉपमध्ये मधली लाइन तुटली तरी सर्व्हरवरचे काम जागच्या जागी राहते. अर्धे लिहिलेले बिल पुन्हा जोडल्यावर तसेच समोर येते. त्या काळी ब्राउझरमध्ये भरत असलेला अर्ज लाइन तुटल्यावर सहसा पहिल्यापासून भरावा लागे. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, पण पुढची कित्येक वर्षे बाजारपेठेतली लाइन भरवशाची नव्हती. अशा जागी हा गुण मोठा होता. छपाईचा ताप मात्र जुनाच: गोदामात बसून 'प्रिंट' म्हणावे आणि कागद मुख्य दुकानात निघावा, हे मी कितीतरी ठिकाणी पाहिले आहे.

चिठ्ठी

दुसरे उत्तर वेगळ्या दिशेने आले. वहीकडे पाहायचेच कशाला? तिला प्रश्न विचारावा आणि उत्तर घ्यावे. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल प्रारूपात याचे मूळ आहे. माहिती कुठे आणि कशी ठेवली आहे याची चिंता विचारणाऱ्याने करू नये, काय हवे ते सांगावे. डेटाबेस सर्व्हर ती ओळ शोधतो आणि तेवढीच पाठवतो. हमालाऐवजी आता चिठ्ठी जाते आणि चिठ्ठीच परत येते.

या चिठ्ठीला सर्वत्र पोचणारा टपालवाला मिळाला तो वेबमुळे. टिम बर्नर्स-ली यांचा मूळ प्रस्ताव १९८९चा; सर्न या संस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी वेब सर्वांना मोफत खुले केले. वेबपान मागितले की त्या क्षणी प्रोग्रॅम चालवून ते तयार करण्याची सोय त्याच वर्षी आली. १९९५ मध्ये पॉल ग्रॅहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हायावेब काढले. लहान व्यापाऱ्याने ब्राउझर उघडावा आणि आपले ऑनलाइन दुकान तिथेच मांडावे, अशी त्याची रचना होती. दुकानदाराच्या संगणकावर काहीच बसवायचे नव्हते. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या सेल्सफोर्सने ही पद्धत पुढे मोठ्या व्यवसायांत नेली. आपल्याकडे श्रीधर वेंबू यांच्या झोहोने २०११ मध्ये झोहो बुक्स आणून हिशेबाची वहीच ब्राउझरमध्ये ठेवली.

चिठ्ठीच्या पद्धतीचे फायदे खरे आहेत. माणशी विंडोजचा परवाना नको, जुना संगणक चालतो, मोबाइलवर येणे दिसते, नवी आवृत्ती रात्रीत सगळ्यांना मिळते. नोकराला फक्त बिल करण्याचा अधिकार द्यायचा तर तेवढाच देता येतो. खिडकीच्या पद्धतीत मात्र नीट बंदोबस्त केला नसेल तर बिल करायला आलेला माणूस सगळ्या घरात फिरू शकतो. पण भराभर आकडे मारणाऱ्या हाताला ब्राउझर बराच काळ रुचला नाही. माउस न धरता, उजव्या हाताच्या आकड्यांच्या कळांवर तासाला शेकडो नोंदी घालणारे लोक आहेत. आजचे दिवाणजी तेच, आणि त्यांची नाराजी मालकाला परवडत नाही.

सरकार ब्राउझरमध्ये येते

वेबकडे वळण्याचे पुस्तकी कारण सोय हे आहे. भारतातल्या लहान व्यापाऱ्याच्या बाबतीत मला त्याहून मोठे कारण शासन दिसते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि विवरणपत्र ऑनलाइन भरणे भाग पडले. १ एप्रिल २०१८ पासून परराज्यात माल पाठवताना ई-वे बिल आले. १ ऑक्टोबर २०२० पासून पाचशे कोटींवरच्या उलाढालीला ई-इन्व्हॉइस लागू झाले. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर आली. म्हणजे यंत्रमागाचा मध्यम कारखानदार किंवा धान्याचा घाऊक व्यापारीही आता त्यात आला. वही कुठेही असो, तिच्यातून सरकारच्या सर्व्हरला चिठ्ठी जाणे बंधनकारक झाले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर स्वस्त झालेल्या डेटाने ही वाट आणखी रुंद केली.

मग मार्च २०२०ची टाळेबंदी आली. माल अडकला, दुकाने बंद, पण कर आणि वसुली चालूच. ज्यांची वही दुकानातल्या सर्व्हरवर होती, त्यांनी घाईघाईने खिडकी उघडली. रिमोट डेस्कटॉपचे ठरलेले दार, म्हणजे पोर्ट, ३३८९ क्रमांकाचे. कित्येकांनी ते थेट इंटरनेटवर मोकळे सोडले. या दारातला एक गंभीर दोष मे २०१९ मध्ये उघड झाला होता. ब्लूकीप नावाने ओळखल्या गेलेल्या या दोषावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने आधार संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा काढली, यावरून धोक्याची कल्पना यावी. त्याखेरीज सोपा पासवर्ड हा कायमचा दोष होताच. माझ्या माहितीतल्या एका घाऊक व्यापाऱ्याच्या सर्व्हरवर अशाच मोकळ्या दारातून कोणी शिरले आणि सगळ्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. बॅकअपची डिस्क सर्व्हरलाच जोडलेली होती, तीही गेली. त्या दुकानाने तीन महिन्यांची उधारी गिऱ्हाइकांच्या जुन्या पावत्यांवरून आणि सचोटीवरून पुन्हा लिहून काढली.

याच्या उलटही उदाहरण आहे. एका लहान कारखान्याची वही वेब सेवेत होती. वर्गणी वाढली, मालकाने ती भरायचे थांबवले. सहा वर्षांची खतावणी परत मागितली, तर मिळाल्या त्या पीडीएफ फायली. वाचता येतात, बेरीज करता येत नाही आणि दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये घालता येत नाहीत. तिथे चोरी झाली नव्हती. वही दुसऱ्याच्या घरी होती, एवढेच.

ताबा

अलीकडे या दोन वाटा एकमेकींत मिसळल्या आहेत. बाजारात 'क्लाउडवरचे टॅली' म्हणून जे विकले जाते, ते बहुधा डेटा सेंटरमधल्या भाड्याच्या सर्व्हरवरचे जुने टॅली आणि त्याकडे पाहायची रिमोट डेस्कटॉपची खिडकी असते. वही दुसऱ्याच्या घरी आणि खिडकी आपली. त्यामुळे 'रिमोट डेस्कटॉप की वेब' एवढ्याने प्रश्न सुटत नाही. कायद्यालाही हे जाणवले असावे. कंपन्यांना संगणकीय हिशेबाची प्रत भारतातल्या सर्व्हरवर ठेवावी लागते आणि २०२२च्या दुरुस्तीनंतर ती रोजच्या रोज घ्यावी लागते. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेब-प्रोग्रॅममध्ये प्रत्येक बदलाचा माग राहणे सक्तीचे आहे. पण बाजारपेठेतली बहुसंख्य दुकाने कंपन्या नाहीत. ती एकट्याची किंवा भागीदारीची आहेत, आणि त्यांच्या वहीची राखण त्यांनाच करायची आहे.

या इतिहासावरून माझे मत असे झाले आहे. जुना, हाताशी बसलेला प्रोग्रॅम आणि एकाच जागी बसणारे चार-पाच जण असतील, तर खिडकी वाईट नाही; पण तिचे दार व्हीपीएनच्या आत हवे आणि बॅकअपची एक प्रत सर्व्हरपासून तोडून ठेवलेली हवी. माणसे विखुरलेली असतील आणि नव्याने सुरुवात असेल, तर चिठ्ठीची पद्धत बरी. पण करार करण्याआधीच आपली सगळी खतावणी मोजता येईल अशा रूपात एकदा बाहेर काढून पाहावी. पहिल्या वाटेवर पहाऱ्याचे ओझे आपले, दुसऱ्या वाटेवर किल्ली दुसऱ्याची. दिवाणजी रात्री वही कपाटात घालून किल्ली मालकाच्या हाती देत, तेव्हा या दोन्ही गोष्टी एकाच कृतीत होत. आता त्या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या आहेत, आणि दोन्हींचा हिशेब दुकानदाराने दरवर्षी वेगवेगळा मांडायला हवा. पाडव्याला नवे खाते उघडताना तो मांडला, तर मुहूर्तही चुकणार नाही.