धम्मदूताचे परदेशातील पहिले दिवस

वैनगंगेच्या काठी पवनी येथे जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली उत्खनन झाले आणि मौर्यकाळापर्यंत मागे जाणारा विटांचा भव्य स्तूप उजेडात आला. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा स्वतंत्र झाला. तोपर्यंत आपण सारे भंडारा जिल्ह्याचेच रहिवासी होतो. तेव्हा पवनीचा स्तूप हा आपल्या घरचाच वारसा होय. तो पाहताना आमच्या मनात एक प्रश्न नेहमी उभा राहतो. या अरण्यमय मुलखात बुद्धवचन घेऊन जो भिक्खू प्रथम आला, त्याचे पहिले दिवस कसे गेले असतील? त्याची भाषा येथील माणसांना कळली असेल काय? पहिली भिक्षा त्याला कोणत्या दारी मिळाली असेल?

सिंहलद्वीपाचा 'महावंस' हा पाली इतिहासग्रंथ या बाबतीत काही प्रकाश टाकतो. पाटलीपुत्राच्या तिसऱ्या संगीतीनंतर मोग्गलिपुत्त तिस्स थेरांनी नऊ प्रदेशांत धम्मदूत पाठविले, असे तो सांगतो. महाराष्ट्रात महाधम्मरक्खित थेर आले. अपरान्तात, म्हणजे आपल्या कोकणपट्टीत, योनक धम्मरक्खित थेर आले. 'योनक' म्हणजे यवन, ग्रीक. एक यवन भिक्खू आपल्या किनाऱ्यावर धम्म सांगण्यास आला, ही गोष्ट प्रत्येक महाराष्ट्रीय बौद्धाने ध्यानात ठेवावी अशी आहे. याच अपरान्तातील सोपाऱ्यास १८८२ साली सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला.

परंतु या सर्व धम्मदूतांपैकी परक्या भूमीवरील पहिल्या दिवसांचा सविस्तर वृत्तांत एकाचाच उपलब्ध आहे. ते म्हणजे सिंहलद्वीपास गेलेले महेंद्र थेर. 'महावंस' हा ग्रंथ घटनेनंतर कित्येक शतकांनी रचला गेला आणि त्यात चमत्कारांची भर आहे, हे आम्ही जाणतो. आकाशमार्गे आगमनासारख्या कथा बाजूला ठेवल्या, तरी जे उरते ते आचरणाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे.

महेंद्र थेरांना विसाव्या वर्षी उपसंपदा मिळाली होती आणि त्यानंतर बारा वर्षे लोटली होती. म्हणजे ते बत्तीस वर्षांचे तरुण होते. आज्ञा मिळताच ते धावत सुटले नाहीत. सिंहलद्वीपाचा राजा मुटसीव वृद्ध झाला होता. नव्या राजाच्या राज्यारोहणापर्यंत त्यांनी वाट पाहिली. मधल्या काळात ते आप्तजनांना भेटले आणि विदिशेस मातेजवळ राहिले. ज्येष्ठ पौर्णिमेस ते मिस्सक पर्वतावर, म्हणजे आजच्या मिहिंतले येथे, पोहोचले. सोबत चार भिक्खू, सुमन नावाचा श्रामणेर आणि भंडुक नावाचा उपासक एवढाच परिवार होता.

राजा देवानंपिय तिस्स तेथे शिकारीस आला होता. काषाय वस्त्रांतील अपरिचित माणूस आपणास नावाने हाक मारतो, हे पाहून तो प्रथम दचकला. थेरांनी आपण कोण व कशासाठी आलो हे सांगितले. पण लगेच धम्मोपदेश सुरू केला नाही. समोरच्या आंब्याकडे बोट दाखवून त्यांनी राजाला काही प्रश्न विचारले. हे झाड कोणते? आंब्याची आणखी झाडे आहेत काय? आंब्याखेरीज इतर झाडे आहेत काय? ते सर्व आंबे आणि ती सर्व इतर झाडे वगळली, तर काय उरते? राजा उत्तरला की हाच आंबा उरतो. श्रोत्याची बुद्धी कोठवर पोहोचते हे अशा रीतीने पाहिल्यानंतरच थेरांनी 'चूळहत्थिपदोपम सुत्त' सांगितले. परक्या देशात बोलण्यापूर्वी ऐकावे लागते, हा या आम्रवृक्षाचा धडा आहे.

राजाने भोजनाविषयी विचारले. दुपार टळली होती, म्हणून थेरांनी ते नाकारले. यजमान राजा होता, आपण परके होतो, तरी विनय सोडला नाही. त्याच दिवशी भंडुकास प्रव्रज्या व उपसंपदा देण्यात आली.

दुसऱ्या दिवशी अनुराधपुरात राजवाड्यात जमिनीवर अंथरलेल्या आसनांवर बसून त्यांनी भोजन घेतले व अंतःपुरातील स्त्रियांना उपदेश केला. ही वार्ता पसरताच नगरजन लोटले. राजवाड्यात जागा अपुरी पडली, म्हणून हत्तीशाळा झाडून स्वच्छ केली गेली. तीही अपुरी पडल्यावर नंदनवन उद्यानात सभा भरली. राजस्त्रियांसाठी सुरू झालेले प्रवचन अशा रीतीने सर्वसामान्यांचे झाले. थेरांनी तेथील लोकांच्या भाषेतच उपदेश केला, असे परंपरा सांगते. त्यांनी सोबत नेलेली अट्ठकथा सिंहली भाषेत उतरविली गेली आणि पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांना तिच्याच आधारे पाली अट्ठकथा रचता आल्या.

राणी अनुलेने प्रव्रज्या मागितली, तेव्हा स्त्रियांना प्रव्रज्या देण्याचा अधिकार आपणास नाही, असे थेरांनी स्पष्ट सांगितले आणि भगिनी संघमित्रेस बोलावून घेण्यास सुचविले. उत्साहाच्या भरात त्यांनी आपली मर्यादा ओलांडली नाही.

तथापि या सर्व वृत्तांतात आम्हांस सर्वाधिक मोलाचा वाटतो तो 'समन्तपासादिका' या विनयाच्या अट्ठकथेतील प्रसंग. राजाने विचारले, शासन आता प्रतिष्ठित झाले काय? विहार उभे राहिले होते, बोधिवृक्ष रुजला होता, हजारो उपासक झाले होते. तरी थेर म्हणाले की शासन प्रतिष्ठित झाले, पण त्याची मुळे अद्याप खाली उतरलेली नाहीत. याच द्वीपात, येथल्याच माता-पित्यांच्या पोटी जन्मलेला मुलगा येथेच प्रव्रजित होऊन, येथेच विनय शिकून त्याचे पठण करील, तेव्हा मुळे उतरली असे समजावे. पुढे राजाचा भाचा अरिट्ठ याने ते कार्य केले. महेंद्र थेर मात्र मायदेशी परतले नाहीत. अठ्ठेचाळीस वर्षांनी त्याच भूमीत त्यांचे परिनिर्वाण झाले.

आता आपल्याकडे वळू. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५४ साली याच भंडारा मतदारसंघातून पोटनिवडणूक लढविली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांना दीक्षा देणारे भदंत चंद्रमणी महास्थवीर हे ब्रह्मदेशातील आराकानचे. कोवळ्या वयात ते भारतात आले आणि कुशिनारा ही त्यांची कर्मभूमी झाली. पुढे जपानमध्ये जन्मलेले भदंत सुरई ससाई यांनी नागपूर आपले मानले व भारताचे नागरिकत्व घेतले. या परदेशी धम्मदूतांचे ऋण आपणांवर आहे. पण त्या ऐतिहासिक दिवशी लाखो जनांना दीक्षा व बावीस प्रतिज्ञा दिल्या त्या याच भूमीच्या पुत्राने, बाबासाहेबांनी.

म्हणून महेंद्र थेरांची कसोटी आपण स्वतःला लावली पाहिजे. गावोगावी विहार झाले, मूर्ती आल्या, पंचशील ध्वज फडकले. परंतु आपल्या गावातील किती मुलामुलींना पाली वाचता येते? विनय म्हणजे काय हे किती जणांना सांगता येईल? वर्षावासात प्रवचनासाठी दर वेळी दुरून भिक्खू आणावे लागत असतील, तर मुळे कोठवर उतरली याचा विचार प्रत्येक विहार समितीने करावा. वैनगंगेच्या काठी तो अनामिक धम्मदूत एकदा परका म्हणून आला होता. त्याच्या पहिल्या दिवसांचे सार्थक करणे आता येथल्या लेकरांच्या हाती आहे.