जर्मनीत राहायला जाताय? मग आधी पत्त्याचं बघा!

जर्मनीत उतरल्यावर पहिल्या महिन्यात काय काय लागतं? बँकेचं खातं, आरोग्य विमा, टॅक्स नंबर, घरचं इंटरनेट आणि पुढे व्हिसाचं रेसिडेन्स परमिटमध्ये रूपांतर. यातल्या जवळपास प्रत्येक ठिकाणी एक कागद मागितला जातो. तो म्हणजे राहत्या पत्त्याच्या नोंदणीचा दाखला. जर्मन भाषेत या नोंदणीला म्हणतात 'आनमेल्डुंग'.

ऑक्टोबर 2024 मध्ये जर्मनीने कुशल भारतीय कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या 20,000 वरून 90,000 वर नेण्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. त्यामुळे जर्मनीला निघालेल्यांच्या यादीत आता इंजिनिअर आणि विद्यार्थ्यांसोबत नर्स, इलेक्ट्रिशियन आणि ड्रायव्हरही आहेत. व्हिसाची माहिती सगळीकडे मिळते. गोंधळ उडतो तो विमानातून उतरल्यानंतर.

आनमेल्डुंग म्हणजे नेमकं काय?

जर्मनीत राहायला आलेल्या प्रत्येकाने घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांच्या आत आपला पत्ता नगरपालिकेच्या कार्यालयात नोंदवायचा असतो. नियम जर्मन नागरिकांनाही लागू आहे आणि घर बदललं की नोंदणी पुन्हा करावी लागते. उशीर केला तर 1,000 युरोपर्यंत दंड होऊ शकतो.

नोंदणीला जाताना पासपोर्ट आणि फॉर्म लागतो. पण सगळ्यात महत्त्वाचं असतं घरमालकाचं पत्र. 'ही व्यक्ती या तारखेपासून माझ्या घरात राहते आहे' असं लिहून देणं घरमालकाला नोव्हेंबर 2015 पासून कायद्याने बंधनकारक आहे. नुसता भाडेकरार दाखवून चालत नाही.

मोठ्या शहरांत या कार्यालयाची अपॉइंटमेंट दोन आठवड्यांत मिळेलच असं नाही. अशा वेळी मिळेल ती तारीख घ्यावी आणि बुकिंगचा ईमेल जपून ठेवावा. सकाळी सकाळी वेबसाइट उघडली तर कुणी रद्द केलेली वेळ हाती लागते, हा तिथल्या जुन्या मंडळींचा अनुभव. तत्काळ तिकिटं काढलेल्यांना हे वेगळं शिकवायला नको.

या फॉर्ममध्ये एक रकाना धर्माचा असतो आणि तो पगाराशी जोडलेला आहे. तिथे कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट असं लिहिलं की दर महिन्याच्या आयकरावर चर्च टॅक्स लागतो. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये तो आयकराच्या 8 टक्के, बाकी राज्यांत 9 टक्के. वसईहून किंवा गोव्याहून गेलेल्या ख्रिस्ती मंडळींना हा टॅक्स पहिल्या पगाराच्या स्लिपवर दिसतो आणि धक्का बसतो. तो थांबवायचा तर सरकारी कार्यालयात जाऊन चर्चचं सदस्यत्व अधिकृतपणे सोडावं लागतं. द्यायचा की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न, पण रकाना भरताना त्याचा अर्थ माहीत असावा. हिंदू, बौद्ध, मुस्लिम आणि जैन मंडळींना हा टॅक्स लागत नाही.

नोंदणी झाली की काही आठवड्यांत पोस्टाने 11 अंकी टॅक्स आयडी येतो. तो कंपनीला वेळेत दिला नाही तर पगारातून सर्वात चढ्या दराने कर कापला जाऊ शकतो. जास्त कापलेली रक्कम नंतर परत मिळते, पण पहिल्या दोन-तीन महिन्यांतच तर पैशांची ओढाताण असते.

पण नोंदणीसाठी घर हवं, आणि घरासाठी...?

खरी अडचण इथे आहे. घरमालक भाडेकरू निवडताना तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिप मागतो, 'शूफा'चा रिपोर्ट मागतो. शूफा म्हणजे आपल्याकडच्या सिबिलसारखं. नव्याने आलेल्या माणसाकडे यातलं काहीच नसतं. आणि ते तयार व्हायला जर्मनीत पत्ता लागतो!

यातून मार्ग असा की पहिल्या दिवसापासून कायमचं घर शोधायचंच नाही. दोन-तीन महिन्यांसाठी फर्निचरसकट खोली घ्यायची किंवा 'वेगे' म्हणजे शेअर्ड फ्लॅटमध्ये खोली घ्यायची. पैसे भरण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारायचा, इथे आनमेल्डुंग करता येईल का? सुट्टीसाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या अनेक घरांत ते करू देत नाहीत. स्वस्त खोली मिळाली म्हणून तिथे महिना काढला आणि नोंदणीच झाली नाही, तर तो महिना कागदोपत्री वाया गेलेला असतो.

या अडलेल्या लोकांवर टपून बसलेलेही असतात. फसवणुकीची पद्धत ठरलेली आहे. शहराच्या मध्यभागी सुंदर फ्लॅट, भाडं निम्मं, आणि मालक 'सध्या परदेशात'. डिपॉझिट पाठवा, चावी कुरिअरने येईल, असं तो सांगतो. चावी कधीच येत नाही. भारतात बसून घर शोधताना हा सापळा जास्त धोक्याचा, कारण प्रत्यक्ष पाहायला जाता येत नाही. विद्यापीठ किंवा कंपनी वसतिगृहाची सोय करत असेल तर ती आधी घ्यावी. ओळखीतलं कुणी त्या शहरात असेल तर त्यांना घर पाहून यायला सांगावं. घर पाहिल्याशिवाय आणि करारावर सही झाल्याशिवाय पैसे पाठवू नयेत.

काही जण 100-200 युरो घेऊन नुसता पत्ता 'विकतात'. तिथे न राहता नोंदणी करणं बेकायदा आहे आणि असा खोटा पत्ता देणाऱ्याला 50,000 युरोपर्यंत दंडाची तरतूद आहे. शिवाय तुमची सगळी सरकारी पत्रं त्या अनोळखी माणसाच्या पेटीत पडतात.

कायमचं घर मिळालं की जाहिरातीतले दोन शब्द समजून घ्यावे लागतात. 'काल्टमीटे' म्हणजे शब्दशः थंड भाडं, फक्त घराचं. 'वार्ममीटे' म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरून. वीज आणि इंटरनेट बहुतेकदा त्याहून वेगळं. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या थंड भाड्याइतकं घेता येतं आणि ते तीन मासिक हप्त्यांत भरण्याचा हक्क भाडेकरूला आहे. हे फार थोड्यांना माहीत असतं. हीटिंग-पाण्याचा हिशोब वर्षाने होतो. वापर जास्त झाला तर फरक भरावा लागतो, त्यामुळे पहिल्या वर्षी थोडे पैसे बाजूला ठेवलेले बरे.

आणि हो, 'किचनसह' असं लिहिलेलं नसेल तर स्वयंपाकघरात नळाचे पाइप आणि भिंतीच मिळू शकतात. ओटा, सिंक, शेगडी, सगळं भाडेकरूने आणायचं.

दारावरचं नाव आणि मधलं नाव

जर्मनीत पोस्टमन फ्लॅट नंबर पाहत नाही, पत्रपेटीवरचं नाव पाहतो. अनेक इमारतींत फ्लॅटला नंबरच नसतो. पेटीवर आडनाव नसेल तर टॅक्स आयडी, विम्याचं कार्ड आणि बँकेचा पिन परत जातो. शेअर्ड फ्लॅटमध्ये राहायला गेल्या गेल्या पेटीवर स्वतःच्या नावाची चिठ्ठी चिकटवणं हे पहिलं काम.

मराठी माणसाच्या नावाची इथे आणखी एक गंमत होते. आपल्या पासपोर्टमध्ये 'गिव्हन नेम'च्या रकान्यात बऱ्याचदा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. जर्मन कार्यालयं ती दोन्ही तुमचीच नावं धरतात. यात चूक काही नाही, मात्र विमा, बँक, नोकरीचा करार अशा सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच नाव लिहावं. एका ठिकाणी मधलं नाव घातलं, दुसऱ्या ठिकाणी गाळलं की पत्रव्यवहार वाढतो. पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा असेल किंवा लग्नानंतरचं नाव अर्धवट बदललं असेल, तर ते निघण्यापूर्वी भारतातच निस्तरून घेतलेलं सोपं पडतं.

आरोग्य विमा: घाईत केलेली निवड महागात पडते

विम्याशिवाय जर्मनीत राहता येत नाही. विमा दोन प्रकारचा, सरकारी व्यवस्थेतला आणि खासगी. सरकारी विम्याचा मूळ दर पगाराच्या 14.6 टक्के, त्यावर प्रत्येक विमा संस्थेचा थोडा अतिरिक्त दर. यातला अर्धा भाग कंपनी भरते. ठरावीक मर्यादेहून जास्त पगार असेल तरच नोकरदाराला खासगी विमा घेता येतो. 2025 मध्ये ही मर्यादा वर्षाला 73,800 युरो होती.

तरुण, एकट्या आणि निरोगी माणसाला खासगी विमा स्वस्त पडतो, एजंटही तेच सांगतो. पण पुढे लग्न झालं, जोडीदार भारतातून आला आणि नोकरी नाही, मग मूल झालं, तर काय? सरकारी विम्यात कमाई नसलेला जोडीदार आणि मुलं वेगळा हप्ता न भरता सामावली जातात. खासगीत प्रत्येकाचा हप्ता वेगळा. खासगीतून पुन्हा सरकारीत येणं अवघड आणि वयाच्या 55 नंतर जवळपास अशक्य.

विद्यार्थ्यांनी तर जास्तच सांभाळावं. साधारण तिशीपर्यंत सरकारी विम्यात विद्यार्थ्यांचा सवलतीचा दर मिळतो. त्यातून एकदा सूट मागून खासगी विमा घेतला की तो कोर्स संपेपर्यंत निर्णय फिरवता येत नाही. प्रवासी विम्यासारख्या स्वस्त पॉलिसीवर व्हिसा मिळाला तरी पुढे परमिट घेताना ती पुरेशी मानतीलच असं नाही.

आजारी पडलात तर थेट हॉस्पिटल गाठायचं नसतं. आधी घराजवळचा फॅमिली डॉक्टर. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी, पण जिवावर बेतलेलं नसेल तेव्हा 116117. जीव धोक्यात असेल किंवा आग लागली तर 112, पोलिसांसाठी 110.

पत्रं फेकू नका, विशेषतः पिवळं पाकीट

महत्त्वाचं ते ईमेलवर येईल ही आपली सवय. जर्मनीत ते अजूनही कागदावर येतं. पिवळं पाकीट आलं तर समजावं की प्रकरण अधिकृत आहे. पोस्टमनने पाकिटावर लिहिलेल्या तारखेपासून मुदत सुरू होते, तुम्ही ते उघडलं की नाही याच्याशी तिचा संबंध नाही. दंडाच्या आदेशावर हरकत घ्यायला दोन आठवडे मिळतात, इतर बहुतेक सरकारी निर्णयांवर एक महिना. म्हणून पाकीटही जपून ठेवायचं.

नोंदणीनंतर येणारं एक पत्र अनेकांना फसवणूक वाटतं. ते असतं सार्वजनिक रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं, महिन्याला 18.36 युरो. टीव्ही नसला तरी भरावं लागतं, मात्र घरटी एकदाच. शेअर्ड फ्लॅटमध्ये कुणी आधीच भरत असेल तर त्याचा नंबर कळवून टाकायचा. पत्राकडे दुर्लक्ष केलं तर थकबाकी साठते आणि वसुली होते.

परमिटची मुदत संपत आली असेल तर संपण्याआधी अर्ज करावा. वेळेत अर्ज केला असेल तर निर्णय होईपर्यंत आधीचा हक्क चालू राहतो आणि त्याचा तात्पुरता दाखला मिळतो. दिवाळीला किंवा घरच्या लग्नाला भारतात यायचं असेल तर या दाखल्यावर कोणता पर्याय टिक केला आहे ते आधी पाहावं. एका प्रकारात परत प्रवेश मिळतो, दुसऱ्यात मिळत नाही. शंका असेल तर तिकीट काढण्याआधी परदेशी नागरिक कार्यालयाला लेखी विचारावं.

बाकीचं, थोडक्यात

रविवारी दुकानं बंद असतात, त्यामुळे दूध-भाजी शनिवारीच आणायची. रात्री 10 ते सकाळी 6 शांतता पाळायची आणि रविवारी ड्रिल चालवायचं नाही. कुकरच्या शिट्टीबद्दल कायद्यात काही नाही, पण घरात साचलेल्या वाफेबद्दल घरमालक नक्की बोलतो. भिंतीला बुरशी धरली तर भरपाई भाडेकरूकडे मागितली जाऊ शकते, म्हणून कडाक्याच्या थंडीतही दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या.

पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर आणि कॅनवर 25 सेंट अनामत असते. ती सुपरमार्केटमधल्या मशीनमध्ये टाकून परत घ्यायची. भारतीय ड्रायव्हिंग लायसन्स तिथे राहायला लागल्यापासून सहा महिनेच चालतं. त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. तिकिटाशिवाय मेट्रोत सापडलात तर 60 युरो, आणि 'नवीन आहे, माहीत नव्हतं' हे तिकीट तपासनीस रोजच ऐकतो.

जर्मनी सोडून परत निघताना नोंदणी रद्द करणं विसरू नका. निघण्याच्या एक आठवडा आधीपासून ते निघाल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत ती करता येते. मिळालेला दाखला विमा, इंटरनेट आणि रेडिओ-टीव्ही शुल्क बंद करताना कामी येतो. तो घेतला नाही तर माणूस नाशिकला घरी पोहोचलेला असतो आणि म्युनिकच्या पत्त्यावर बिलं पडत राहतात.