जपानचा दाखला आणि तुर्भ्याचा बाजार

जपानी माणूस मुळातच कष्टाळू, आणि आपल्या रक्तातच कामचुकारपणा, हे मत वाशी-ऐरोलीच्या ऑफिसांत आता कोणी तपासूनही पाहत नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला 70 तास काम करायला सांगितले, तेव्हा त्यांनीही युद्धानंतरच्या जपान-जर्मनीचाच दाखला दिला. हे मत चुकीचे आहे, आणि ते नवी मुंबईतल्या हजारो घरांच्या रोजच्या जगण्याला भिडणारे आहे, म्हणून त्याचा सविस्तर समाचार घेतला पाहिजे.

जपानची शिस्त खोटी नाही, हे आधीच मान्य करतो. 1945 साली बेचिराख झालेला देश कष्टाविना उभा राहिला नाही. पण हा गुण रक्तातला असता, तर सिडनी गुलिक या अमेरिकी मिशनऱ्याने 1903 च्या आपल्या ग्रंथात पुष्कळसे जपानी लोक आळशी आणि वेळेबाबत बेफिकीर वाटतात, अशी नोंद केली नसती. रक्त दोन पिढ्यांत बदलत नाही. कारखाने, कायदे आणि पगाराच्या रीती मात्र बदलतात.

आता तासांचा हिशेब पाहू. 1960 साली जपानी कामगार वर्षाला सरासरी 2,400 तासांहून अधिक राबत होता. 1975 पर्यंत हा आकडा 2,100 च्या आत आला. जपानची अर्थव्यवस्था सर्वाधिक वेगाने वाढली ती याच काळात, म्हणजे भरभराट होत असताना तास कमी होत होते. आज ही सरासरी 1,600 च्या आसपास आहे. त्यात अर्धवेळ कामगारांच्या वाढत्या संख्येचा वाटा आहे, हे खरे. पण 70 तासांचे समर्थन त्यातून निघत नाही.

शिवाय तिथल्या मोठ्या कंपन्यांतल्या कायम कामगाराला कष्टांच्या बदल्यात निवृत्तीपर्यंतची नोकरी, सेवाकाळाप्रमाणे वाढणारा पगार, सहामाही बोनस आणि पुष्कळदा कंपनीचे घर मिळत होते. त्याचे घर सांभाळायला बायको होती. कमावत्या नवऱ्याला गृहिणीपोटी करात सवलत 1961 पासूनच सुरू झाली. इतके असूनही माणसे मेली. 1969 मध्ये एका मोठ्या वृत्तपत्राच्या रवानगी विभागातला 29 वर्षांचा कामगार पक्षाघाताने गेला. अतिश्रमाने आलेल्या मृत्यूचे, म्हणजे ‘कारोशी’चे, ते पहिले उदाहरण मानले जाते. आपल्याकडे जपानचे तास मागणारे यातले काहीच बोलत नाहीत. 70 तास म्हणजे सहा दिवस रोजचे जवळजवळ पावणेबारा तास. त्यात बदलापूर-ऐरोली जाण्यायेण्याचे तीन तास धरले, तर झोप, जेवण, मूल आणि आईबाप यांच्यासाठी नऊ-सव्वानऊ तास उरतात.

त्याच 1969 साली महाराष्ट्राने माथाडींसाठी, म्हणजे ओझी वाहणाऱ्या हमालांसाठी, माथाडी कायदा केला. त्याआधी मशीद बंदरच्या बाजारात सातारा-पुण्याच्या डोंगराळ भागांतून आलेले हमाल पाठीवर पोती वाहत, गाळ्यात वळकटी टाकून झोपत. आज काम आहे की नाही हे मुकादम ठरवी. कामगार नेते अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केले. कायद्याने कामगार, व्यापारी आणि शासन यांची मंडळे आली. टोळीची नोंद झाली, मजुरी मंडळामार्फत मिळू लागली आणि व्यापाऱ्याने भरलेल्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस उभा राहिला. 1981 च्या कांदा-बटाट्यापासून 1996 च्या भाजी-फळांपर्यंत घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने तुर्भ्याला हलले. कोपरखैरणे-घणसोलीत माथाडींची घरे झाली, त्यांचा दवाखाना झाला. रात्री नाशिक-पुण्याकडून निघालेली भाजी पहाटे उतरवून घेणारे हे हात त्याच डोंगरांतले आहेत. पन्नास किलोंवरची गोणी उचलणार नाही, असे ते ठणकावून सांगतात, आणि बाजार तरीही रोज भरतो. आपला माणूस कामचुकार आहे, या मताला याहून सज्जड उत्तर मला माहीत नाही.

माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळली जाते, असा आक्षेप येईल. ती उकळली जाते, आणि ती बंद झालीच पाहिजे. पण खंडणीखोर हा पोलिसांचा विषय आहे; त्याच्यासाठी कायदा दुबळा करणे म्हणजे खऱ्या हमालाला पुन्हा मुकादमाच्या हाती देणे.

सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कामाची दैनिक मर्यादा कारखान्यांत 9 वरून 12 तास आणि दुकाने-आस्थापनांत 9 वरून 10 तास करायला मान्यता दिली. जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती लागेल, असा दिलासाही दिला. जपानच्या कामगार मानक कायद्याच्या 36 व्या कलमानुसार जादा काम करून घ्यायचे, तर बहुसंख्य कामगारांच्या संघटनेशी किंवा प्रतिनिधीशी करार करावा लागतो. तो सामूहिक करारही पुरला नाही. 2018 मध्ये जादा तासांना महिन्याला 45 आणि वर्षाला 360 अशी सर्वसाधारण मर्यादा कायद्यात घालावी लागली. मग महापेच्या कंपनीत मॅनेजरसमोर एकट्या बसलेल्या, घराचा हप्ता डोक्यावर असलेल्या मुलीच्या सहीला संमती कसे म्हणायचे? तुर्भ्याच्या हमालाच्या वतीने मंडळ बोलते. मंत्रिमंडळाने तिच्यासाठीही तसेच त्रिपक्षीय मंडळ आधी नेमावे, तासांची बोलणी त्यानंतर करावीत.